गावातलं जुनं घर मुंबईत आणायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोरिवलीच्या बाजूला एका संस्थेकडे दीड एकर मोकळी जागा आहे. पालघर आणि रायगड जिल्ह्यांतली आठ-दहा जुनी घरं जशीच्या तशी आणून तिथे खुलं संग्रहालय उभारायचं आहे. घरं खरंच हलवता येतात का, दीड एकरात किती बसतील आणि मुंबईच्या पावसात ती टिकतील का?

घरं हलवता येतात, पण सगळी एकाच रीतीने नाही. लाकूड आणि दगडाचं घर आणायचं असतं, कुडाचं घर, म्हणजे काड्यांच्या भिंतींना माती लिंपलेलं घर, बांधायचं असतं. रायगडातल्या ओटी-पडवीच्या घरातले खांब, तुळया, चौकटी, कौलं आणि चिरे सुटे करून पुन्हा तसेच जोडता येतात, कारण ते घर मुळातच सुट्या भागांचं आहे. डहाणू-जव्हारकडचं कारवीच्या कुडाचं वारली घर उचलायला गेलात तर हातात मातीचे ढेकळे आणि भुंग्याने पोखरलेल्या काड्या येतील. त्या घरातली टिकणारी गोष्ट म्हणजे ते बांधणाऱ्याच्या हातातलं ज्ञान. गावातही ते घर दर काही वर्षांनी थोडंथोडं नव्याने होत असतं. म्हणून पहिल्या प्रकारात मूळ लाकूड वाचवणं म्हणजे अस्सलपणा. दुसऱ्या प्रकारात त्याच समाजातल्या माणसांकडून, त्याच मालाने, त्याच रीतीने पुन्हा बांधून घेणं म्हणजे अस्सलपणा. हा फरक सुरुवातीला ठरवला नाही, तर कुडाच्या घरावर रसायनं ओतली जातात आणि सागाच्या घरात नवं लाकूड घुसतं. नेमकं उलटं.

दोन्ही वाटा आधी चालून पाहिलेल्या आहेत. स्टॉकहोममध्ये आर्टुर हाझेलियस यांनी १८९१ मध्ये स्कान्सेन उघडलं, तेव्हापासून जगभर घरं उतरवून नेऊन उभारली जात आहेत. आपल्याकडे चेन्नईजवळ मुट्टुकाडूला १९९६ मध्ये सुरू झालेल्या दक्षिणचित्रमध्ये तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्रातली जुनी घरं विकत घेऊन, सुटी करून पुन्हा उभी केली आहेत. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात मात्र त्या त्या समाजाच्या लोकांना बोलावून त्यांच्याच हातून घरं बांधून घेतली आणि दुरुस्तीलाही त्यांनाच बोलावण्याची रीत ठेवली. काम सुरू करण्याआधी ही दोन्ही ठिकाणं पाहून या, आणि तीही पावसाळ्यात. हिवाळ्यात सगळीच घरं छान दिसतात. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर गावगाडा माणसांच्या पुतळ्यांमधून दाखवला आहे. ती वाट वेगळी आहे. तुमच्याकडे खरं घर असेल तर ओटीवर पुतळे बसवू नका. माणसाची नजर पुतळ्याकडे जाते आणि तुळई बघायची राहून जाते.

आता जागा. दीड एकर म्हणजे साधारण ६,००० चौरस मीटर. ऐकायला भरपूर वाटते, पण घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. पुढे अंगण, तुळशी वृंदावन, बाजूला गोठा, मागे परस, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू आणि केळीचा गड्डा, पेंढ्याची उडवी रचायची जागा हे सगळं घराचाच भाग आहे. एका घराला त्याच्या परिसरासकट ५०० ते ६०० चौरस मीटर तरी लागतात. वाटा, स्वच्छतागृहं, माल ठेवायचं गोदाम, सुतारकामाची शेड आणि अग्निशमनाचा बंब आत येईल एवढा रस्ता वजा केला की चार घरं बसतात, फार तर पाच. आठ-दहा कोंबलीत तर प्रदर्शनातल्या स्टॉलसारखी रांग होईल. आमचा सल्ला तीन घरांपासून सुरुवात करण्याचा आहे: एक कुडाचं वारली घर, एक आगरी किंवा कोळी कौलारू घर आणि एक अलिबाग-चौलकडचं वाडीतलं ओटी-पडवीचं घर. तीन पावसाळे निभावले की चौथ्याचा विचार करा.

कुठलं घर निवडायचं? जे नाहीतर पडणारच आहे तेच. घरात माणसं नांदत असतील तर ते जागेवरच राहू द्या आणि दुरुस्तीला मदत करा. कुटुंबाने नवं सिमेंटचं घर बांधायचं ठरवलंय आणि जुनं लाकूड वखारीत जाणार आहे, असं घर शोधा. घराची नोंद बहुतेक वेळा सातबाऱ्यावर सापडत नाही. ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असते. तिथली नावं पाहून सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, मुंबई-सुरतेला असलेल्या भावाबहिणींचीसुद्धा. सागाचं लाकूड रस्त्याने हलवण्याआधी त्या भागाच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या. सोबत ग्रामपंचायतीचा दाखला, उभ्या घराचे फोटो आणि लाकडांची मोजमापासह यादी जोडा. 'जुनंच तर लाकूड आहे' असं नाक्यावर सांगून गाडी सुटत नाही.

घर उतरवण्याआधीचं काम हे खरं काम आहे, आणि घाई सगळ्यात जास्त इथेच होते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने मोजणीला द्या. प्रत्येक खोलीचा आराखडा, चारही बाजूंची उभी रेखाचित्रं, दोन दिशांचे छेद १:५० ला, आणि सांध्यांची, दारांची, खिडक्यांच्या गजांची, देवळ्या-कोनाड्यांची रेखाचित्रं १:१० किंवा १:५ ला. फोटो काढताना प्रत्येकात मोजपट्टी आणि क्रमांकाची पाटी ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना सोबत घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा आणि काय कुठे असायचं ते विचारून नोंदवा: जातं कुठल्या कोपऱ्यात, कणगी कुठे, बाळंतिणीची खाट कुठली, शिंकं कुठल्या कडीला, कुठल्या खुंटीला इरलं आणि कुठल्या खुंटीला घोंगडी. भिंती एकदा पाडल्या की ही माहिती परत मिळत नाही.

मग क्रमांक. खांबांच्या रांगांना क, ख, ग अशी अक्षरं आणि आडव्या ओळींना आकडे द्या, म्हणजे प्रत्येक खांबाला ख३ सारखं नाव मिळतं. दोन खांबांमधल्या तुळईला दोन्हींची नावं, ख३-ख४. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठसा उमटवून ती तांब्याच्या छोट्या खिळ्याने अशा बाजूला ठोका जी जोडणीनंतर दिसणार नाही. खडू पहिल्या सरीत जातो, मार्कर उन्हात उडतो आणि ऑइलपेंटची खूण लाकडात कायमची बसते. खांबाच्या उत्तरेकडच्या अंगावर वेगळी खूण करा. चौकोनी खांब चारही बाजूंनी सारखा दिसतो, पण त्याचं कुसू, म्हणजे टोकाचा तासलेला दांडा, एकाच बाजूने तुळईच्या भोकात नीट बसतं. एक खांब पाव फेरी फिरला तर वरची तुळई दोन सूत उचलली जाते, आणि ती चूक आढ्यापर्यंत वाढत जाते. वाशांना क्रमांक द्यायचा कंटाळा करू नका. सगळे वासे खालून सारखे दिसतात. मात्र प्रत्येकाची खाच तुळईच्या त्याच ठिकाणच्या गोलाईला तासून बसवलेली असते.

घर उतरवायचं जानेवारीत. दिवाळीच्या सुमारास पावसाळ्यात फुगलेलं लाकूड अजून ओलसर असतं आणि सांधे आवळून बसलेले असतात. जानेवारीपर्यंत ते सुकून आकसतं आणि लाकडी पाचर निघू लागते. पाचर एका बाजूला निमुळती असते. आधी कोणती बाजू बारीक आहे ते पाहा, तिच्यावर सागाचा ठोकळा धरा आणि हळू ठोके मारत जाड बाजूने बाहेर काढा. जाड बाजूवर ठोकलं की ती आणखी घट्ट बसते, आणि मग कोणीतरी पहार घालतं. कुसू तुटतं ते असं. तुटलेलं कुसू नव्याने जोडता येतं, पण त्या खांबाची वजन पेलायची ताकद पहिल्यासारखी राहत नाही.

उतरवायचा क्रम चढवण्याच्या उलट: कौलं, रिपा, वासे, आढं, तुळया, मग खांब. कौलं आढ्याकडून वळचणीकडे काढत या आणि दोन्ही पाख्यांची, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांची, एकाच वेळी काढा. एक पाखं पूर्ण मोकळं करून दुसऱ्यावर कौलं ठेवली तर सांगाडा एका अंगाला झुकतो. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे १२० चौरस मीटरच्या छपराला १,८००. काढताना, वाहताना आणि चढवताना पाचातलं एक तरी फुटतं असं धरून चला, आणि त्याच साच्याची जुनी कौलं आधीच गोळा करून ठेवा. कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा ठसा नोंदवा. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, त्यामुळे मंगलोरी कौलांचं छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही. घर त्याहून जुनं असेल तर आधी नळीची कौलं किंवा गवत असणार, आणि त्याच्या खुणा रिपांच्या अंतरात आणि वाशांवरच्या जुन्या भोकांत सापडतात. ट्रकमध्ये कौलं आडवी रचू नका. पेंढ्याच्या थरात उभी, एकमेकांना टेकून ठेवा. मुंबईत जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, तेव्हा गाडी रात्री पोहोचेल आणि उतरवायला माणसं हजर असतील असं बघा. अंधारात ढीग करून टाकलेला माल हेही कौलं फुटण्याचं मोठं कारण आहे.

जांभ्याचे चिरे निघतात, खांबांखालचे कातळाचे तळखडे निघतात. मातीची भिंत निघत नाही, पण माती निघते. ती गोणींमध्ये भरून आणा. जुन्या भिंतीची माती वर्षानुवर्षं मुरलेली असते, तिच्यात तूस आणि शेण मिसळलेलं असतं. नव्या मातीत निम्मी जुनी माती घातली तर गिलावा तडकण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. जमिनीचा एक फूट चौकोनी तुकडा खालच्या थरांसकट फळीवर उचलून घ्या. सारवणाचे पापुद्र्यासारखे थर त्यात एकावर एक मोजता येतात, आणि काचेखाली ठेवलेला तो तुकडा पाहणाऱ्याला अर्ध्या पानाच्या माहितीफलकापेक्षा जास्त सांगतो.

नव्या जागी उभारताना पहिला प्रश्न दिशेचा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. गावातल्या सुताराने ते ओळखून त्या बाजूला खोल पडवी, बुटकी वळचण आणि कमी खिडक्या ठेवलेल्या असतात. वाटेवरून घराचं तोंड दिसावं म्हणून वास्तुरचनाकाराने घर फिरवलं की मुख्य दार झडीत येतं, आणि दोन पावसाळ्यांत उंबरा आणि चौकटीचे पाय कुजतात. घर मूळ दिशेलाच ठेवा. हवं तर वाट वळवा.

दुसरा प्रश्न जोत्याचा. मुंबईत पाणी साचतं, म्हणून जोतं दोन फूट उंच करावं असा मोह होतो. तसं केलं की ओटीवर बसायची उंची बिघडते, पायऱ्या वाढतात आणि घराचा चेहराच बदलतो. जोतं मूळ मापाचंच ठेवून त्याखालची जमीन उचला. भराव घालून, थराथराने चोपून, सगळं अंगणच एक-दीड फूट वर घ्या आणि उतार घरापासून दूर काढा. वळचणीखाली दीड-दोन फूट रुंदीची गोट्यांची पट्टी ठेवा. नुसती माती ठेवली तर वरून पडणारं पाणी चिखल उडवून भिंतीचा खालचा हातभर भाग खाऊन टाकतं. वाडीतल्या घराला पोफळीच्या पन्हळी लावल्या तर त्या शोभतातही आणि कामही करतात, फक्त दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात. पीव्हीसीच्या अर्ध्या पाइपला तपकिरी रंग मारून फसवू नका.

खांब थेट सिमेंटच्या कोब्यावर उभा करू नका. कोबा ओल धरतो आणि खांबाचं टोक ती शोषतं. खाली पाया काँक्रीटचा असला तरी मध्ये मूळ तळखडा हवाच. खांबाचा बुडखा कुजलेला असेल तर तेवढाच भाग कापा, त्याच जातीचं जुनं, सुकं लाकूड लांब तिरप्या सांध्याने जोडा आणि जोडलेल्या भागावर जोडणीचं वर्ष कोरा, म्हणजे पुढच्या माणसाला नवं-जुनं कळेल. नवं लाकूड १५ टक्क्यांहून ओलं असेल तर ते उन्हाळ्यात आकसून सांधा उघडतं. लोखंडी खिळे टाळा. खाऱ्या हवेत ते गंजून फुगतात आणि लाकूड चिरतात. जिथे पाचर पुरत नाही तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा, तेही नजरेआड.

पाख्याचा उतार कौलांसाठी ३० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. गवताच्या छपराला ४५ च्या आसपास हवा. आढ्याचं पाणी वळचणीलाच यायचं असं आपण म्हणतो, पण उतार कमी पडला आणि वारा सुटला की पाणी कौलाखालून उलटं वर चढतं आणि रिपेवर ठिबकतं. कौलांखाली निळी ताडपत्री किंवा प्लास्टिक घालायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो मानू नका. खालून येणारी वाफ त्यावर साचते, वाशांची पाठ सतत ओली राहते, आणि आतून सगळं कोरडं दिसत असताना वर लाकूड कुजत असतं. कळतं तेव्हा वासा हाताने मोडतो. सिमेंटच्या गिलाव्याचंही असंच. जांभा आणि माती दोन्ही ओल घेतात आणि सोडतात. वर सिमेंट चढवलं की ओल आत अडकते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि गिलावा पोपड्यासारखा सुटतो. जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या सांध्यांत चुनाच भरा: निदान दोन आठवडे पाण्याखाली मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग, आणि भरल्यावर आठवडाभर ओली पोती.

आता कुडाचं घर. त्याच्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, जमिनीत दोन-अडीच फूट पुरतात. त्यांची वरची टोकं बेळक्याची असतात आणि त्यात आडवी लाकडं बसतात. पुरलेला भाग जमिनीच्या रेषेशी कुजतो, कारण तिथे हवा आणि ओल दोन्ही मिळतात. टोक आगीवर वरच्या थरापुरतं कोळसा होईपर्यंत जाळून घ्या आणि भोकात दगडांचं खडकाळ भरण करा, म्हणजे पाणी निचरेल. तरीही मेढ कधीतरी बदलावी लागणारच, ते खर्चात आधीच धरा.

कारवी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शेजारीच दिसते म्हणून तिथून तोडायची नाही, तो सरळ गुन्हा आहे. वनहक्क असलेल्या गावांतून, ग्रामसभेमार्फत, पावती घेऊन आणा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळते. वाळलेल्या उभ्या काड्या कुडाला उत्तम. त्या काड्या उभ्या, अंगाला अंग लावून रचतात आणि बांबूच्या कामट्यांच्या आडव्या जोड्यांत आवळून बांधतात. बांबू तीन-चार वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला घ्या. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत साखर-पिष्ट जास्त असतं आणि भुंगा लगेच लागतो. छपराखाली, कोरड्यात राहणाऱ्या बांबूला १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो टाकणखार विरघळवून आठवडाभर बुडवून ठेवा. हे द्रावण पावसाच्या पाण्याने धुऊन जातं, त्यामुळे कुंपणाच्या बांबूला त्याचा उपयोग नाही.

गिलाव्याच्या मातीची परीक्षा सोपी आहे. मुठीएवढा ओला गोळा छातीच्या उंचीवरून टाका. चपटा होऊन पसरला तर पाणी जास्त, भुगा झाला तर वाळू जास्त, दोन-तीन मोठे तुकडे झाले तर माती चांगली. मग चार घमेली मातीला एक घमेलं ताजं शेण आणि एक घमेलं तूस किंवा बारीक तोडलेला पेंढा घालून आठ-दहा दिवस मुरवा, रोज पायाने तुडवा. भिंतीवर फूटभर चौकोनात नमुना लावून तीन दिवस थांबा. भेगेत नख शिरलं तर वाळू वाढवा, हात फिरवल्यावर भुकटी निघाली तर चिकट माती वाढवा. गावच्या मातीला जे प्रमाण चालतं ते बोरिवलीच्या मातीला चालेलच असं नाही.

भिंतीवरच्या चित्रांबाबत एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. वारली घरातला लग्नाचा चौक ही सजावट नव्हे. तो लग्नाच्या वेळी सुवासिनी काढतात, त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. कागदावरच्या आणि कापडावरच्या चित्रांची परंपरा त्यानंतरची. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकापासून ती जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संग्रहालयात चौक काढायचा की नाही, काढला तर कुणी आणि केव्हा, हे त्या घराचे लोक ठरवतील. त्यांनी नको म्हटलं तर भिंत गेरूने सारवून कोरी ठेवा. कोऱ्या भिंतीचं कारण फलकावर लिहा.

बांधायला आलेल्या माणसांशी एकदाचा व्यवहार करू नका. मे महिन्यात छपराच्या शाकारणीला आणि दिवाळीनंतर दुरुस्तीला दरवर्षी यायचा करार करा. कुशल कारागिराची मजुरी, प्रवास, राहणं-जेवण धरा, आणि फलकावर बांधणाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीने लिहा. जमलेल्या निधीतला तिसरा हिस्सा बांधकामाला हात न लावता देखभालीसाठी बाजूला ठेवा. बांधकामाला देणगीदार मिळतात. सारवणाला कुणी देणगी देत नाही.

सारवण मात्र सगळ्यात आधी ढासळतं. गावच्या घरात दहा अनवाणी पावलं असतात, इथे रविवारी पाचशे चपला येतील. चपला अंगणात काढायला लावा आणि एका वेळी पंधरा-वीसच माणसं आत सोडा. पोटमाळ्यावर कुणालाच नको. दहा बाय दहाच्या खोलीला दोन-अडीच किलो ताजं शेण आणि पाच-सहा लिटर पाणी साधारण पुरतं. काला ताकाएवढा दाट हवा. आतल्या कोपऱ्यातून दाराकडे मागे सरकत, हात अर्धगोल फिरवत, आधीच्या फेरीवर चार बोटं चढवत जायचं. तबेल्यातलं पाण्याने धुतलेलं पातळ शेण चालत नाही. त्यात चोथा नसतो आणि वाळल्यावर पापुद्रे सुटतात. चरणाऱ्या गाई-बैलांचं शेण मिळवा. ठिकठिकाणी खड्डे पडले असतील तर नुसतं सारवून भागत नाही, आधी माती भरून चोपण्याने चोपावं लागतं. आठवड्यातून एकदा सारवण हा नियम कोरड्या दिवसांचा. जुलैमध्ये ते वाळतच नाही आणि बुरशी धरते, तेव्हा दोन-तीन आठवडे अंतर जाऊ द्या आणि वारा खेळता ठेवा.

चूल पेटती ठेवा. हा शोभेचा भाग समजू नका. धुराने छपरातले किडे पळतात, पेंढा आणि वासे कोरडे राहतात. गावच्या घरातलं काळं, तुकतुकीत आढं शंभर वर्षं टिकतं ते धुरामुळे. संग्रहालयात चूल विझते आणि तिसऱ्या वर्षी भुंगा लागतो. आठवड्यातून दोनदा, दोन-तीन तास, माणूस समोर बसलेला असतानाच पेटवा. पाण्याची पिंपं, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक सिलिंडर दाराशी ठेवा. गवती छपराच्या दोन घरांत निदान दहा मीटर अंतर सोडा. गवतात विजेची एकही तार नको. उजेड लागलाच तर जमिनीलगत १२ व्होल्टचा.

वाळवीसाठी जोत्याभोवतीची माती परवानाधारक माणसाकडून प्रक्रिया करून घ्या, पण खरा उपाय रोजचा झाडू आहे. भिंतीवर चढणारी मातीची बारीक नळी दिसली की त्याच दिवशी खरवडा आणि ती कुठून आली ते शोधा. वस्तूंचे दोन संच करा. नोंदवहीत क्रमांक घातलेलं जुनं जातं, सूप, रोवळी, कणगी हाताळायला द्यायची नाहीत. मुलांना दळायला-पाखडायला आत्ता बनवून घेतलेली वेगळी.

वेळापत्रकात मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, हे धरून मागे मोजा. सांगाडा मार्चअखेर, कौलं एप्रिलअखेर, मातीचा गिलावा मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे वाळायला महिना मिळतो. उशीर झाला तर गिलावा सोडून द्या. छप्पर पूर्ण करा, उघड्या कुडाला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधा आणि भिंती ऑक्टोबरनंतर करा. ओला गिलावा घेऊन जूनमध्ये शिरलेली भिंत ऑगस्टपर्यंत कोंब फुटलेली दिसते.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री दोन माणसं बॅटरी आणि खडू घेऊन प्रत्येक घरात असली पाहिजेत. पाणी जिथे टपकतं तिथे कौल फुटलेलं असतंच असं नाही. ते वर कुठेतरी शिरतं आणि वाशावरून ओघळत खाली येतं. ठिबकेपासून वाशावर उजेड धरत वर जा, ओल जिथे सुरू होते तिथे खडूने खूण करा आणि वाशाचा क्रमांक वहीत लिहा. सकाळी उघडीप मिळाली की आतून काठीने ते कौल किंचित उचला. छपरावरचा माणूस ते ओळखतो, आढ्याकडून दोराने बांधलेल्या शिडीवर झोपून तेवढंच कौल बदलतो. कौलांवर पाय देऊन कुणालाही चढू देऊ नका. एक गळती बंद करताना चार नव्या होतात.